परसातली बेगमी

वैशाखाच्या अखेरीस कोकणातल्या जुन्या वळणाच्या घराच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. चटईवर कैरीच्या फोडी आंबोशीसाठी पसरलेल्या असतात, सुपात कोकमाची साले आपल्याच रसात भिजून पुन्हा उन्हाला आलेली असतात, ताटात आंब्याच्या रसावर रसाचा थर चढत असतो, आणि कावळे हाकलण्याच्या कामगिरीवर घरातले एखादे लहान मूल नेमलेले असते. मृगाचे ढग दिसण्यापूर्वी हे सगळे उचलून आत घ्यायचे असते. परसाने दिलेले आणि घराने राखलेले यांच्यामधला काळ हा एवढाच, दोनतीन आठवड्यांचा.

झाड हिशेबाने देत नाही. आंबा, फणस, कोकम, लिंबू, आवळा यांना माणसाच्या रोजच्या भुकेशी कर्तव्य नसते. वर्षभर काही द्यायचे नाही आणि मग पंधरवड्यात सगळे ओतून मोकळे व्हायचे, अशी त्यांची रीत. पहिल्या कैरीचे कौतुक होते, दहाव्या दिवशी तीच कैरी टोपल्यांतून ओसंडू लागते. शेजाऱ्याला द्यावी तर त्याच्या परसातही तेच झाड उभे. अशा वेळी आनंदाची चिंता होते, आणि तिच्यातूनच साठवणीची विद्या जन्माला आली असली पाहिजे. मराठीत या विद्येला ‘बेगमी’ असा भारदस्त शब्द आहे. त्यात केवळ साठा येत नाही. पुढे येणाऱ्या दिवसांविषयीची निश्चिंतीही येते.

ते पुढचे दिवस मात्र प्रांतोप्रांती निराळे. कोकणात भीती पावसाची. चार महिने बाजार दूर, ओढे भरलेले, आणि ऊन दुर्मिळ. काश्मिरात भीती हिवाळ्याची. म्हणून तेथे दुध्या, वांगी, टोमॅटो उन्हाळ्यात चिरून वाळवतात आणि बर्फ पडू लागले की शिजवतात. मारवाडात भीती अवर्षणाची. तेथे कैर आणि सांगरी ही काटेरी झुडपांची नि खेजडीची फळे वाळवून वर्षानुवर्षे ठेवली जातात. आंध्रात उन्हाळा कडक होताच आवकाय घातले जाते, आणि ते वर्षभर भाताला पुरते. ऋतू वेगळा, फळ वेगळे. पण ज्या महिन्यांत जमीन काही देणार नाही त्या महिन्यांशी आधीच करार करून ठेवायचा, ही युक्ती सगळीकडे एकच आहे.

या युक्तीचा लेखी पुरावा बराच मागे जातो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे वात्स्यायनाचे कामसूत्र लोक भलत्याच कारणासाठी आठवतात. पण त्याच्या चौथ्या अधिकरणात गृहिणीच्या दिनक्रमाचे जे वर्णन आहे, ते एखाद्या व्यवहारदक्ष आजीने सांगावे तसे आहे. घराभोवतीच्या स्वच्छ जागेत तिने हिरव्या भाज्यांचे वाफे करावे, उसाची बेटे लावावी, जिरे, मोहरी, ओवा, बडीशेप यांची लागवड करावी, बागेच्या मध्ये विहीर किंवा तळे खणवावे. मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुध्या, सुरण यांचे बी वेळेवर धरून ठेवावे आणि वेळेवर पेरावे. जेवणातून उरलेल्या दुधाचे तूप करावे. वर्षाची प्राप्ती मोजून त्याप्रमाणे खर्च करावा. आणि मीठ, तेल, तिखट पदार्थ व औषधी यांसारख्या सहज न मिळणाऱ्या वस्तू घरात कोणाच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा ठेवाव्या. परसातला पाला आणि कोठीतले मीठ यांची सांगड येथे घातलेली दिसते. बाग लावायला सांगणारा ग्रंथकार मीठ लपवायलाही सांगतो, यातले मर्म पुढे अनेक शतकांनी फार कडवटपणे उघड व्हायचे होते.

घराचा विचार वात्स्यायनाने केला, तसा राज्याचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. तेथे कोष्ठागाराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याच्या कोठारातल्या वस्तूंचे वर्ग पाडलेले आहेत. त्यात मिठाचे प्रकार आहेत, वाळवलेली फळे, कंदमुळे व भाज्या आहेत, आणि ‘शुक्त’ म्हणून एक वर्ग आहे. उसाचा रस, गूळ, मध, काकवी, जांभूळ किंवा फणस यांपैकी एकाचा रस पिंपळीसारख्या तिखट वनस्पतींच्या काढ्यात आंबवायचा. त्यात काकडी, उसाची कांडी, आंबा, आवळा घालायचा. आणि तो महिनाभर, सहा महिने किंवा वर्षभर मुरू द्यायचा. यास लोणचे म्हणावे की आंबवणी म्हणावे, हा वाद पंडितांनी घालावा. आंबा आणि आवळा वर्षभर टिकवण्याची रीत राजाच्या कोठारात नोंदली गेली होती, एवढे निश्चित. त्याच प्रकरणात आणखी एक नियम आहे. जे जमा होईल त्यातले निम्मे प्रजेच्या आपत्काळासाठी बाजूला ठेवावे, निम्मे वापरावे, आणि नवे आले की जुने त्याने बदलावे. घरातल्या बरणीचा नियमही याहून वेगळा नाही.

मिठासाठी अर्थशास्त्रात स्वतंत्र अध्यक्ष आहे. परवान्यावाचून मीठ पिकवणाऱ्याला दंड सांगितला आहे. म्हणजे मिठावर राज्याची नजर ही इंग्रजांची कल्पना नव्हे. परंतु त्याच ठिकाणी सवलतही दिलेली आहे. वानप्रस्थांना तो दंड नाही. आणि वेदविद् ब्राह्मण, तपस्वी व वेठीचे मजूर यांनी आपल्या अन्नापुरते मीठ खुशाल न्यावे. ही सवलत ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तिची दुसरी फेरी विसाव्या शतकात व्हायची होती.

मिठाचे हे महत्त्व देशभाषांनी नेमके टिपले आहे. ‘लोणचे’ या मराठी शब्दात लोण म्हणजे लवण आहे. कन्नडातील ‘उप्पिनकायि’ म्हणजे मिठाची कच्ची फळे. मलयाळीतील ‘उप्पिलिट्टतु’ म्हणजे मिठात घातलेले. उत्तरेकडचा ‘अचार’ हा शब्द फारसीतून आला. नावात तेलही नाही आणि तिखटही नाही. मीठ घातले की ते फळातले पाणी ओढून घेते, आणि त्या खारट पाण्यात कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काही चालत नाही. कैरीचा आंबटपणा त्यांना आणखी रोखतो. वर चढलेले तेल हवा अडवते. मोहरीचा झणका त्यांना मानवत नाही. ही कारणे अलीकडची. पण मीठ कमी पडले की वर पांढरी बुरशी येते, हे कोणत्याही शास्त्रावाचून घरोघर माहीत होते.

परदेशी प्रवाशांना या देशातली फळे नवी होती, म्हणून इथल्या लोकांनी जे लिहून ठेवले नाही ते त्यांनी लिहिले. मोरोक्कोचा इब्न बतूता १३३३ साली सिंधूकाठी पोचला. झाडावरून पडलेले कच्चे आंबे लोक गोळा करतात, त्यांना मीठ लावतात आणि आपल्याकडे लिंबे मुरवतात तसे मुरवतात, असे त्याने नोंदले आहे. आले आणि मिऱ्यांचे घोसही तसेच मुरवलेले असत आणि जेवताना प्रत्येक घासाबरोबर थोडेथोडे खाल्ले जात. तोंडी लावण्याची ही पद्धत आजच्या पानातही डाव्या बाजूला जशीच्या तशी आहे. पुढे पूर्वेकडच्या समुद्रप्रवासात एका राजकन्येने त्याला भेटी दिल्या, त्यांत ‘मर्तबान’ म्हणजे मोठाले रांजण होते. त्यांत आले, मिरे, लिंबू आणि आंबा खारवून भरलेले होते आणि ते जहाजावरच्या शिदोरीसाठी होते. मर्तबान हे ब्रह्मदेशातल्या एका बंदराचे नाव. तेथून येणाऱ्या झिलईदार रांजणांना तेच नाव पडले, आणि हिंदी-उर्दूत लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. मातीचे साधे मडके मीठ आणि आंबट झिरपू देते. झिलई दिलेले भांडे तसे होऊ देत नाही. तेव्हा घरची फडताळातली बरणी ही एका जुन्या समुद्री व्यापाराची वंशज आहे.

सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. औषधी व फळे यांच्याविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. ग्रंथातल्या आंब्याच्या संवादात, मुंबईचा त्याचा कूळ आंब्यांची टोपली घेऊन दारात येतो, असा प्रसंग आहे. आणि त्या बेटावरच्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, याचा त्याला जमीनमालकाला शोभेल असा अभिमान आहे. आंबा टिकवण्याचे प्रकारही तो सांगतो: साखरेत, शिरक्यात, तेलात आणि मिठात, आत ओले आले व लसूण भरून. भरल्या कैरीची ही कृती वाचताना चारशे साठ वर्षांचे अंतर जाणवत नाही. या भल्या माणसाच्या मृत्यूनंतर १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. कारण तो मनाने ज्यू होता असा ठपका होता. त्याच्या ग्रंथातला आंबा मात्र टिकला.

त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने ऐन-ए-अकबरीत बाजारभावांच्या याद्या दिल्या. त्यांत अचारांची यादी लांबलचक आहे. तेलातला आंबा, शिरक्यातला आंबा, लिंबू, आले, गाजर, सलगम, वांगे, लसूण, कांदा, बांबूचे कोंब, शेवगा, कैर, सुरण, काकडी, मुळा. बादशहाच्या राज्यात मुरवले जात नव्हते असे काही राहिले होते की काय, असा प्रश्न पडावा. दक्षिणेत १५९४ साली गुरुलिंग देशिक या कवीने कन्नड लिंगपुराणात पन्नास प्रकारची लोणची वर्णिली. या दोन याद्या एकमेकींना ठाऊक नव्हत्या, आणि तरीही त्या एकाच दशकातल्या आहेत.

या काळातल्या लोणच्यात एक गोष्ट नव्हती, आणि ती ऐकून आजची गृहिणी चकित होईल: ऐन-ए-अकबरीच्या याद्यांत मिरची नाही. तिखटपणा मिऱ्यांचा, आल्याचा, मोहरीचा होता. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मग परसापरसांतून आत सरकत गेली. तिला मळा लागत नाही. सांडपाण्याच्या कडेला दोन झाडे पुरतात. मिरी मलबारातून विकत आणावी लागे, मिरची दारात येई; गरिबाच्या ताटातला बदल याहून मोठ्या कारणाची वाट पाहत नाही. मराठीने तिला नावही मिऱ्याचेच दिले, थोडे वाढवून. ज्याला ‘आपले पारंपरिक’ लोणचे म्हणतात, त्यात कैरी परसातली, पण मिरची अमेरिकेची, हिंग अफगाणिस्तानच्या बाजूचा आणि भांड्याचे एक नाव ब्रह्मदेशाचे. परंपरा ही अशीच मुरत गेलेली असते.

या सगळ्यात एकच वस्तू खरोखरी अपरिहार्य होती आणि ती परसात पिकत नव्हती. ती म्हणजे मीठ. इंग्रजी अमलात त्यावर जो कर बसला, त्याची कथा राजकीय इतिहासात पुष्कळ सांगितली गेली आहे. स्वयंपाकघराच्या बाजूने ती फारशी पाहिली गेलेली नाही. बाहेरचे स्वस्त मीठ इंग्रजी मुलखात शिरू नये म्हणून सिंधूपासून मध्य हिंदुस्थानापर्यंत दोन हजार मैलांहून लांब जकातीची रेषा आखली होती. बऱ्याच भागात ती काटेरी झाडांच्या कुंपणाची होती आणि तिच्यावर सुमारे १२,००० माणसांचा पहारा होता. १८७९ मध्ये ती रेषा उठली, कर उरला. १८८८ साली तो मणाला अडीच रुपये झाला. मण चाळीस शेरांचा आणि अडीच रुपयांचे आणे चाळीस. म्हणजे शेरामागे एक आणा नुसता कर, मिठाची किंमत निराळी. मजुराची दिवसाची कमाई मोजक्या आण्यांची होती त्या काळातली ही गोष्ट. रोजच्या भाकरीला लागणारे मीठ चिमटीने मोजता येते. लोणच्याला ते शेराने लागते. दारच्या झाडाची कैरी फुकट, उन्हाचे मोल नाही, हाताचे कोणी धरत नाही. पण मीठ महाग झाले की फुकटची कैरी झाडाखालीच सडते. किनाऱ्यावर मासे खारवण्यासाठी सरकारने खास वाडे उघडले आणि तेथे करमुक्त मीठ दिले. कोरड्यास म्हणून लोणच्याची फोड घेऊन भाकरी खाणाऱ्या बाईच्या मडक्याला अशी सवलत नव्हती.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर जे पहिले प्रसिद्ध भाषण केले, त्यात शिलकीचा खजिना आणि गरिबाचे मीठ यांतली विसंगती आकडे देऊन मांडली. पुढल्या वर्षी कर आठ आण्यांनी उतरला, १९०५ मध्ये आणखी आठ आण्यांनी, आणि १९०७ मध्ये तो मणाला एका रुपयावर आला. १९१६ मध्ये पुन्हा चढला; १९२३ साली विधिमंडळाचा विरोध डावलून दुप्पट केला गेला आणि वर्षभरात खाली आणावा लागला. १९३० च्या ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पहिल्या तुकडीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले या दोन स्त्रिया होत्या. त्यानंतर शहरातल्या बायका घागरी घेऊन समुद्रावर लोटल्या आणि चुलीवर पाणी आटवू लागल्या. कायदेभंग हे पुरुषांना शिकावे लागलेले काम असेल. पाणी आटवून मीठ मागे ठेवणे बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात जी कलमे पदरात पडली, त्यांत एक असे होते की, जेथे मीठ तयार होते त्या परिसरातल्या गावकऱ्यांनी घरच्या उपयोगासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी ते खुशाल गोळा करावे. अन्नापुरते मीठ ज्याचे त्याला, हा अर्थशास्त्रातला जुना अपवाद अशा रीतीने व्हाइसरॉयच्या सहीने परत आला. कर पुरता उठला तो १९४७ मध्ये.

या काळात बरणीची विद्या कागदावर येऊ लागली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झाले. तोवर ही विद्या सासूकडून सुनेकडे जात होती आणि तिच्यात मापाऐवजी हात होता. तिच्याभोवती विटाळाचे, सोवळ्याचे कडे होते. बरणीला ओला हात लागू नये, हा त्यातला शहाणपणा. बरणीला कोणाचीच सावली पडू नये, हा त्यातला जाच. शहाणपणा आणि जाच यांची गल्लत झाल्यामुळे कित्येक घरांत सूनबाईला वर्षानुवर्षे लोणच्याच्या फडताळाशी जाता आले नाही, आणि सासू गेल्यावर तिचा हातही गेला. छापील पुस्तकाने हे नुकसान थोडे थांबवले. विभक्त कुटुंबाची, बदलीच्या नोकरीची, परगावच्या बिऱ्हाडाची बाई ते उघडून बसली आणि तिला सासूवाचून लोणचे घालता येऊ लागले.

पश्चिमेत तोपर्यंत निराळी वाट सापडली होती. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्याने अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट लावून, उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली आणि १८१० साली सरकारी बक्षीस मिळवले. ती का टिकते हे त्याला सांगता येत नव्हते. पाश्चरला अजून अर्धशतक अवकाश होता. ही डबाबंद रीत हिंदुस्थानात रुळली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात, लष्कराच्या मागणीमुळे. त्याच दिवसांत बंगालात माणसे अन्नावाचून मेली आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. बंगल्यांच्या हिरवळी उखडून भाजी लावली गेली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली म्हैसूरला केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था उभी राहिली, आणि १९५५ साली फळांच्या पदार्थांसाठी केंद्र सरकारचा आदेश निघाला.

त्या आदेशाने विकाऊ लोणच्याला मोजमाप लावून दिले. टिकवण्याचा मुख्य भार मिठावर असेल तर मीठ १२ टक्क्यांहून कमी नसावे. आंबटावर असेल तर आम्लता १.२ टक्क्यांहून कमी नसावी. घरच्या बाईचे माप निराळ्या भाषेत होते. फोडींना मीठ लावल्यावर जिभेला ते जरा जास्तच खारट लागले पाहिजे. चार दिवसांनी खार सुटून फोडीच्या वर आला पाहिजे. आणि त्यावर चढलेले तेल बोटाच्या एका पेराइतके उभे राहिले पाहिजे. मग दादरा बांधायचा, बरणी फडताळात मागे सरकवायची, आणि गेल्या वर्षीची पुढे ओढायची. तिच्या तळाशी चारदोन फोडी आणि काळसर खार उरलेला असतो. तो संपल्यावाचून नवीन उघडायचे नाही.